मोफत चाचणीसाठी आधीच कार्ड मागावं का? (सोसायटी बिलिंगचं सॉफ्टवेअर)

हिशेबवही

गृहनिर्माण संस्थांची मासिक बिलं, पावत्या आणि थकबाकीवरचं व्याज काढणारं, वेबवर चालणारं सॉफ्टवेअर बाजारात आणतोय. लहान संस्थेला महिना ४९९ रुपये, मोठ्या संस्थेला वर्षाचे १४,०००, दोन्हीवर जीएसटी वेगळा. सुरुवातीला १४ दिवस फुकट वापरू द्यायचं हे पक्कं आहे. गाडी अडलीय ती कार्डावर. एका भागीदाराचं म्हणणं, नोंदणी करतानाच क्रेडिट कार्ड घ्या. नुसते बघे येणार नाहीत आणि पंधराव्या दिवशी पैसे आपोआप जमा होतील. दुसऱ्याचं म्हणणं, कार्डाचा रकाना दिसला की माणूस तिथूनच मागे फिरतो.

या प्रकारच्या गिऱ्हाइकासाठी काय बरोबर ठरेल? ऑटो-डेबिटच्या आपल्याकडच्या नियमांत हे प्रत्यक्षात कसं चालतं? आणि कार्ड घेतलं नाही तर एकाच माणसाने दहा खाती उघडून फुकट एसएमएस पाठवू नयेत म्हणून काय करावं? चाचणीच्या काळातला आमचा खरा खर्च तोच आहे.

दरपत्रक

कार्ड घेऊ नका. सर्वसाधारण नियम म्हणून हे सांगत नाही, तुमचं गिऱ्हाईक कोण आहे ते बघून सांगतोय.

सोसायटीकडे क्रेडिट कार्ड नसतंच. तिचं बँकेत खातं असतं, त्यावर दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या लागतात आणि पैसे चेकने किंवा एनईएफटीने जातात. त्यामुळे तुमच्या पानावर कार्ड भरायची वेळ येईल ती खजिनदारावर किंवा सचिवावर, तीही स्वतःच्या खाजगी कार्डाने. कमिटीचा ठराव झालेला नाही, सॉफ्टवेअर घ्यायचं की नाही हे ठरलेलं नाही, अशा वेळी कुठलाही शहाणा खजिनदार स्वतःचं कार्ड संस्थेच्या कामाला लावणार नाही. लावलंच आणि पंधराव्या दिवशी पैसे कापले गेले, तर ते वसूल करायला त्याला कमिटीपुढे व्हाउचर ठेवावं लागेल आणि ‘मंजुरी कोणी दिली?’ या प्रश्नाला तोंड द्यावं लागेल. म्हणजे तुमची भिंत बघ्यांना अडवणार नाही, नेमक्या खऱ्या गिऱ्हाइकाला अडवेल.

आता ‘कार्ड घेतलं की जास्त लोक पैसे भरतात’ या समजाबद्दल. हा आकडा कशाने भागलाय ते आधी बघायचं असतं. उदाहरणापुरतं धरा, १,००० जण पानावर आले. कार्ड न मागता ८० जणांनी नोंदणी केली आणि त्यातल्या १२ जणांनी शेवटी पैसे भरले, तर प्रमाण १५ टक्के. कार्ड मागून २० जणांनी नोंदणी केली आणि ९ जणांनी पैसे भरले, तर प्रमाण ४५ टक्के. अहवालात ४५ छान दिसतात, पण गल्ल्यात ९ गिऱ्हाइकंच आली. शिवाय त्या ९ मधले काही जण रद्द करायला विसरलेले असतात. ते पुढच्या महिन्यात चिडून परतावा मागतात. म्हणून भागाकार नेहमी पानावर आलेल्यांच्या संख्येने करा आणि मोजणी पहिल्या पेमेंटवर थांबवू नका. तिसऱ्या महिन्याचे पैसे किती जणांनी भरले, तो आकडा खरा.

दुसरी चूक त्या १४ दिवसांत आहे. सोसायटीची बिलं महिन्यातून एकदा निघतात, काही ठिकाणी तिमाही. एखाद्याने महिन्याच्या ५ तारखेला नोंदणी केली तर त्याची चाचणी १९ तारखेला संपेल, आणि तोवर त्याने एकही बिल काढलेलं नसेल. मुदत दिवसांत ठेवण्याऐवजी कामात ठेवा: दोन बिलफेऱ्या फुकट, किंवा ६० दिवस, जे आधी संपेल ते. तिमाही बिलं काढणाऱ्या संस्थेला एक फेरी आणि १०० दिवस द्या.

पेमेंटगेटवे

यंत्रणा कशी चालते तेवढं सांगतो, निर्णय तुमचा.

भारतात काढलेल्या कार्डावरून दर महिन्याला आपोआप पैसे घ्यायचे तर रिझर्व्ह बँकेचे ई-मॅंडेटचे, म्हणजे दर वेळी आपोआप पैसे कापायला ग्राहक जी परवानगी नोंदवतो तिचे, नियम लागतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून ते काटेकोरपणे अमलात आले. मॅंडेट नोंदवताना ओटीपी लागतो. प्रत्येक वजावटीच्या किमान २४ तास आधी बँकेकडून ग्राहकाला सूचना जाते आणि त्याच सूचनेतून त्याला ती वजावट नाकारता येते. ओटीपीशिवाय होणाऱ्या वजावटीची मर्यादा आधी ५,००० होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. विमा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांना डिसेंबर २०२३ मध्ये १ लाखाची सवलत मिळाली, पण सॉफ्टवेअर त्यात बसत नाही.

तेव्हा ‘कार्ड घेतलं की पैसे आपोआप येतील’ हे गणित इथे पूर्णपणे लागू नाही. ज्याला पैसे द्यायचे नाहीत त्याच्या हातात २४ तास आधी नकाराचं बटण असतंच.

तुमचा १४,००० चा प्लॅन तर याच मर्यादेत अडकतो. त्यावर १८ टक्के जीएसटी लावला की १६,५२० होतात, आणि मर्यादा कापल्या जाणाऱ्या एकूण रकमेवर आहे. प्रत्येक नूतनीकरणाला ग्राहकाला ओटीपी द्यावा लागेल, म्हणजे आपोआप काहीच होणार नाही. मर्यादेत राहायचं तर मूळ दर १२,७११ च्या वर नेता येत नाही. जीएसटीसह ते १४,९९८ रुपये ९८ पैसे होतात.

जोडणी करताना हमखास बिघडतात त्या गोष्टी या.

मॅंडेटची कमाल रक्कम. बदलत्या रकमेचं मॅंडेट नोंदवताना कमाल आकडा द्यावा लागतो. पुढे दर वाढला तर सोय असावी म्हणून बरेच जण तिथे सरळ १५,००० टाकतात. मग ४९९ चा प्लॅन घेणाऱ्याला बँकेच्या ओटीपी पानावर ‘१५,००० रुपयांपर्यंत’ असं दिसतं आणि तो खिडकी बंद करतो. ४९९ अधिक जीएसटी म्हणजे ५८८ रुपये ८२ पैसे. कमाल रक्कम ७५० च्या आसपास ठेवा.

पडताळणीची रक्कम. कार्ड चालू आहे का ते तपासायला गेटवे (पैसे वळते करणारी मध्यस्थ सेवा) एक-दोन रुपयांचा किंवा थोडा मोठा व्यवहार करून तो मागे घेतं. क्रेडिट कार्डावर तो नुसता अडकून सुटतो. डेबिट कार्डावर मात्र पैसे खरंच खात्यातून जातात आणि परत यायला काही दिवस लागू शकतात. ‘मोफत’ लिहिलेल्या पानावर पैसे कापल्याचा एसएमएस आला की लोक तुम्हाला फोन लावणारच. तेव्हा रक्कम आणि ती परत येण्याची मुदत बटणाच्या वरच लिहा, खाली बारीक अक्षरांत नको.

मुदत संपल्यानंतरचा एक दिवस. पूर्वसूचनेचे २४ तास धरले तर चाचणी संपते त्या क्षणी पैसे येत नाहीत, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतात. प्रणालीने मध्यरात्री खातं बंद केलं, तर पैसे भरायला तयार असलेला माणूसही बाहेर राहतो. तीन दिवसांची सूट कोडमध्येच ठेवा.

यूपीआय ऑटोपे. म्हणजे यूपीआयवरून ठरलेल्या वेळी आपोआप पैसे जाणं. लहान प्लॅनसाठी हा मार्ग कार्डापेक्षा सोपा, कारण डेबिट कार्डाचं ई-मॅंडेट सगळ्या बँका देत नाहीत. इथेही साधारण मर्यादा १५,००० चीच. ऑगस्ट २०२५ पासून ऑटोपेच्या वजावटी गर्दीच्या वेळा टाळून होतात: सकाळी १० च्या आधी, दुपारी १ ते ५, किंवा रात्री साडेनऊनंतर. सकाळी ११ ला पाठवलेली मागणी लगेच पूर्ण झाली नाही म्हणून तिला ‘अयशस्वी’ धरून खातं बंद करू नका.

आणि कार्डाचा क्रमांक स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवायचा विचारही नको. १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याला तो साठवता येत नाही. त्याच्या जागी वापरायचं सांकेतिक टोकन राहतं, आणि ओळखीपुरते शेवटचे चार आकडे व बँकेचं नाव. गेटवेचंच पेमेंट पान वापरा.

खजिनदार_ठाणे

विकत घेणाऱ्याच्या बाजूने लिहितोय. वर कमिटीबद्दल जे म्हटलंय ते तंतोतंत खरं आहे.

सॉफ्टवेअर पारखताना आम्ही मागच्या महिन्याचं बिल हातात घेऊन बसतो. सभासदांची यादी, सदनिकेचं क्षेत्रफळ आणि सुरुवातीची थकबाकी एक्सेलमधून चढवायची. मग देखभाल खर्च, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, पाणीपट्टी, पार्किंग ही सगळी शीर्षं भरायची आणि त्याच महिन्याचं बिल नव्याने काढायचं. आधीच्या बिलाशी रुपयाला रुपया जुळलं तर गोष्ट पुढे जाते. अडतं ते बहुतेक दोन ठिकाणी. भाड्याने दिलेल्या सदनिकेचं बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येतं; बरीच सॉफ्टवेअरं ते एकूण बिलावर काढतात. दुसरं व्याज. ते सरळव्याज हवं, मुद्दलावरच, आधीच्या व्याजावर नाही. सभासदाने अर्धवट रक्कम भरली की ती आधी व्याजात वळती करायची की मुद्दलात, हे संस्थेच्या पद्धतीप्रमाणे बदलता आलं पाहिजे.

या कामाला खजिनदाराचे चार-पाच रविवार सहज जातात, कारण तो दिवसा नोकरीला असतो. पैशाचा विषय त्यानंतरचा. त्याला तेव्हा तुमच्याकडून कार्डाचं पान नको असतं. संस्थेच्या नावाचं कोटेशन, त्यावर जीएसटी क्रमांक, बँक खात्याचा तपशील, आणि कमिटीच्या सभेत दाखवता येईल असं एक पानी पत्रक लागतं. हे चार कागद सॉफ्टवेअरमधूनच एका बटणावर पीडीएफमध्ये निघाले, तर तुमचं निम्मं विक्रीचं काम तिथेच झालं. एनईएफटी केल्यावर यूटीआर क्रमांक (बँकेने दिलेला व्यवहार क्रमांक) भरायला एक रकाना द्या आणि तो भरल्यावर खातं चालू ठेवा. खात्री दुसऱ्या दिवशी करा.

एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगतो. चाचणी संपली म्हणून सभासदांची यादी आणि थकबाकी कोंडून ठेवू नका. एक्सेलमध्ये सगळं उतरवून घेण्याची सोय मुदत संपल्यावरही उघडी राहू द्या. तो डेटा संस्थेचा आहे.

मधला_मार्ग

कार्ड आधी मागणं नेहमीच चूक, या मताशी मी सहमत नाही. कार्ड मागणाऱ्यांची कारणं खरी असतात.

क्लाउडवरचं गणनशक्तीचं काम घ्या. प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅबने मे २०२१ मध्ये नव्या फुकट खात्यांना सामायिक रनर (कोड चालवून बघायचे तिचे सर्व्हर) वापरायचे असतील तर चालू क्रेडिट कार्ड बंधनकारक केलं, कारण लोक फुकट मिनिटांवर क्रिप्टो मायनिंग करत होते. तिथे प्रत्येक खोट्या खात्यामागे रोख खर्च होता आणि वापरणारा बहुधा प्रोग्रामर, ज्याच्याकडे कार्ड असण्याची शक्यता जास्त. वापरणारा आणि पैसे देणारा एकच, फायदा दहा मिनिटांत कळतो, आणि गैरवापराचा खर्च मोठा, अशी परिस्थिती असेल तर कार्ड मागणं समजण्यासारखं आहे. पण त्यासाठी नुसती पडताळणी पुरते, ऑटो-डेबिटची परवानगी लागत नाही. या दोन गोष्टी एकाच टिकबॉक्समध्ये कोंबल्या जातात, तिथून तक्रारी सुरू होतात.

तुमच्या बाबतीत तिन्हीपैकी एकही अट लागू नाही. एसएमएसची गळती दुसऱ्या मार्गाने बुजवता येते, आणि कार्डाने ती तशीही पूर्ण बुजत नाही, कारण प्रीपेड आणि व्हर्च्युअल कार्डं पडताळणीतून पार होतात. चाचणीच्या खात्यातून फक्त पडताळलेल्या क्रमांकांवर, म्हणजे कमिटीतल्या पाच जणांपर्यंतच एसएमएस जाऊ द्या. एकूण मर्यादा २५ ठेवा. मजकूर डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणीची दूरसंचार यंत्रणा) नोंदवलेल्या तुमच्या ठरलेल्या टेम्प्लेटमधलाच असल्याने जाहिरातबाजीला तसाही वाव कमी राहतो; फक्त टेम्प्लेटमधल्या बदलत्या जागांत दुवे टाकू देऊ नका. नोंदणीला मोबाइल ओटीपी घ्या, आणि संस्थेचा नोंदणी क्रमांक विचारा. एका नोंदणी क्रमांकाला एकच चाचणी. सोसायटीची ओळख पटवायला हा क्रमांक कार्डापेक्षा कितीतरी सरस आहे. सगळ्या सभासदांना बिलं पाठवायची असतील तर पीडीएफ ई-मेलने जाऊ द्या, त्यावर फिकट ‘नमुना’ छापा.

गंभीर गिऱ्हाईकच हवं असेल तर प्रामाणिक पर्याय आहे: चाचणीला १९९ रुपये लावा, एकदाच, कुठलंही मॅंडेट न घेता, आणि वर्गणी घेतली तर ते त्यातून वजा करा. फुकट म्हणून बोलावून कार्ड मागण्यापेक्षा हे स्वच्छ. फक्त त्या १९९ चं करबीजक द्यावं लागेल आणि परत केले तर क्रेडिट नोट काढावी लागेल, हे हिशेबनिसाला आधी सांगून ठेवा.

ग्राहकपक्ष

कायद्याची बाजू इथे कोणी काढली नाही, आणि या प्रश्नात ती सर्वांत महत्त्वाची आहे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या पानांच्या मांडणीबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार नावानिशी दिलेत. त्यातल्या ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’मध्ये रद्द करण्याची सोय लपवणं किंवा किचकट करणं तर आहेच, पण फुकट वर्गणी मिळवण्यासाठी पेमेंटचा तपशील किंवा ऑटो-डेबिटची परवानगी देणं ग्राहकाला भाग पाडणं हेही स्पष्ट शब्दांत आहे. ही तत्त्वं भारतात पद्धतशीरपणे माल किंवा सेवा देणाऱ्या मंचांना, जाहिरातदारांना आणि विक्रेत्यांना लागू आहेत. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ई-कॉमर्स मंचांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायलाही सांगितलं. गृहनिर्माण संस्था ही नफ्यासाठी चालणारी पेढी नव्हे, त्यामुळे ‘आमचा व्यवहार व्यापाऱ्याशी आहे, ग्राहकाशी नाही’ या बचावावर विसंबू नका.

धागा वाचणाऱ्यांपैकी जे स्वतः कुठली चाचणी घेताहेत त्यांच्यासाठी थोडं. सॉफ्टवेअर फोनमधून काढून टाकलं म्हणून वर्गणी रद्द होत नाही. आधी त्यांच्या खात्यात जाऊन रद्द करा आणि रद्द झाल्याच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. मग मॅंडेट काढा: यूपीआय असेल तर अ‍ॅपमधल्या ऑटोपे विभागातून, कार्ड असेल तर नेटबँकिंगमधल्या ई-मॅंडेट किंवा स्टँडिंग इन्स्ट्रक्शनच्या पानावरून, बऱ्याच बँकांची ही यादी बिलडेस्क या पेमेंट कंपनीच्या ‘एसआय हब’ या संकेतस्थळावर असते. विक्रेता परदेशी असेल तर जास्त काळजी घ्या, कारण तो मॅंडेट न नोंदवता साधा आंतरराष्ट्रीय व्यवहार म्हणून रक्कम मागू शकतो आणि त्यात कित्येकदा ओटीपी येतच नाही. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर बंद करण्याचं बटण असतं, ऑनलाइन व्यवहाराची मर्यादाही कमी करता येते. पडताळणी झाली की ते बंद करून टाका. तरीही पैसे गेले आणि कंपनी दाद देत नसेल, तर बँकेत व्यवहारावर हरकत नोंदवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार करा. तिथे तो स्क्रीनशॉट कामाला येतो.

हिशेबवही

सगळ्यांचे आभार. कार्ड काढून टाकतोय. चाचणी दोन बिलफेऱ्यांची, ओळख संस्थेच्या नोंदणी क्रमांकावर. आता दोन शंका उरल्या. मोठ्या संस्थेचा दर १२,७११ वर आणावा का? आणि चाचणी संपत आल्याचा निरोप केव्हा, कोणाला, काय शब्दांत पाठवावा?

दरपत्रक

दर मर्यादेसाठी कापू नका. मोठी संस्था वर्षाचे पैसे एनईएफटीनेच भरणार, तिला ऑटो-डेबिट नकोच असतं. १४,००० ठेवा आणि नूतनीकरणाचं बिल मुदतीच्या ४५ दिवस आधी पाठवा, म्हणजे मधल्या एका मासिक सभेत मंजुरी होते. ऑटोपे फक्त ४९९ वाल्यांना, तेही त्यांनी स्वतः निवडलं तर.

पेमेंटगेटवे

निरोप तीन वेळा. पहिल्या बिलफेरीनंतर लगेच, मुदतीच्या सात दिवस आधी, आणि दुसरी फेरी झाल्यावर. कार्डवर चाचणी देणाऱ्यांना व्हिसाने एप्रिल २०२० पासून सात दिवस आधी आठवण आणि सोबत रद्द करण्याचा दुवा बंधनकारक केलाय. तुम्ही कार्ड घेत नसलात तरी सात दिवसांचं अंतर कमिटीला पुरतं. खजिनदार आणि सचिव दोघांनाही पाठवा, कारण पदाधिकारी बदलले की एकाचा पत्ता निकामी होतो. विषयाच्या ओळीत तारीख घाला, ‘लवकरच संपतेय’ नको. मजकूर इतकाच पुरे:

‘आपल्या संस्थेची मोफत चाचणी ३० जूनला संपते. आपल्याकडून कार्ड किंवा ऑटोपे घेतलेलं नाही, त्यामुळे कुठलीही रक्कम आपोआप कापली जाणार नाही. पुढे वापरायचं असल्यास सोबतचं कोटेशन कमिटीपुढे ठेवावं. रक्कम एनईएफटी, चेक किंवा यूपीआयने भरता येईल. वापरायचं नसल्यास काहीही करण्याची गरज नाही. सभासदांची यादी, बिलं आणि थकबाकी एक्सेलमध्ये ३० सप्टेंबरपर्यंत उतरवून घेता येईल, त्यानंतर ती आमच्याकडून पुसली जाईल.’

शेवटचं वाक्य लिहिलंत तर त्या तारखेला खरंच पुसणारं काम सर्व्हरवर लावून ठेवा, आणि बॅकअपमधूनही ते केव्हा जाईल ते गोपनीयतेच्या पानावर लिहा.